शेल्फवरचा बोरघाट: मॉडेल रेल्वेसाठी सह्याद्रीचे डोंगर कसे उभारायचे

मुंबईत मॉडेल रेल्वेचा नाद लागला की कधी ना कधी मन बोरघाटावर येतंच. कर्जतला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, पळसदरी मागे पडते, आणि मग ठाकूरवाडी, मंकी हिल, बोगदे, दरी, धबधबे. खिडकीची जागा मिळावी म्हणून ज्यांनी लहानपणी भांडणं केली त्यांना हे सगळं पाठ असतं. तरीही घरच्या मांडणीवर जो डोंगर उभा राहतो तो बहुतेक वेळा आल्प्सचा असतो. टोकदार शिखर, तिरके खडक, करडा रंग. कारण साधं आहे. खडकांचे तयार साचे परदेशातून येतात, शिकवणारे व्हिडिओही तिकडचेच असतात. तंत्र उत्तम असतं, डोंगर मात्र परका.

सह्याद्री वेगळ्या पद्धतीने घडला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि थंड झाले. आपल्या भागात ते थर आजही जवळजवळ आडवेच आहेत. म्हणून घाटातला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. काळ्या कातळाचा उभा कडा, त्यावर गवताचा किंवा झाडीचा पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, आणि वर सपाट माथा. राजमाची, ढाक, नागफणी, कुठेही पाहा. शिवाय एका डोंगराचा पदर ज्या उंचीवर आहे, साधारण त्याच उंचीवर तो दरीपलीकडच्या डोंगरावरही दिसतो.

सगळ्या कामाचा पाया मी याच गोष्टीवर ठेवतो: रूळ चढतात, थर चढत नाहीत. मांडणीभर थर सपाट ठेवले तर गाडीचा चढ डोळ्यांना आपोआप कळतो. थर रुळांसोबत तिरके झाले तर चढ कितीही दिला तरी गाडी सपाटीवरून चालल्यासारखी वाटते.

आधी कागदावर हिशेब

कर्जत ते लोणावळा या टप्प्यात लाइन सुमारे साडेपाचशे मीटर चढते. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ला, ही उंची सहा मीटरच्या वर जाते. ती कुठल्याच फ्लॅटमध्ये मावणार नाही. तेव्हा अख्खा घाट करायचा नाही, घाटाचा एक तुकडा निवडायचा. एक बोगदा, एक कटिंग (डोंगर उघडा कापून केलेली रुळांची वाट), एक घळ आणि तिच्यावरचा पूल एवढं पुरे. जागा थोडी जास्त असेल तर कॅच सायडिंग घ्या. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला अडवण्यासाठी मुख्य लाइनीतून फुटून डोंगरात चढत जाणारा हा फाटा बोरघाटाची खूण आहे आणि जमिनीच्या आकाराला तो फार सुंदर कारण देतो.

या लेखात उदाहरणाला ६ फूट लांब आणि दीड फूट खोल शेल्फ घेऊ, म्हणजे साधारण १८३ × ४५ सेंमी. हॉलच्या एका भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला तो बसतो. शेल्फ फार खाली असला की आपण डोंगराकडे विमानातून पाहिल्यासारखं पाहतो आणि ३५ सेंमीचा कडाही टेपाड वाटतो.

बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ सेंमी पुढे गेल्यावर १ सेंमी वर. १८३ सेंमी लांबीत रूळ जवळपास ५ सेंमी चढतील. समजा, डावीकडे रूळ चौकटीच्या तळापासून १२ सेंमीवर शिरतात. उजवीकडे ते १७ सेंमीवर बाहेर पडतील. आता १४ सेंमी उंचीवर लाल मातीचा एक पातळ थर ठरवा. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये असा विटकरी पट्टा घाटातल्या कटिंगमध्ये खरोखर दिसतो. डाव्या टोकाला हा पट्टा रुळांच्या २ सेंमी वर असेल. गाडी चढत जाईल तसा तो रुळांच्या जवळ येईल, ७४ सेंमीवर रुळांच्या पातळीला मिळेल आणि तिथून पुढे दरीच्या बाजूच्या कड्यावर, रुळांखाली दिसत राहील. उजव्या टोकाला रूळ त्याच्या ३ सेंमी वर असतील. पाहणाऱ्याला कुणी काही सांगावं लागत नाही. गाडी चढते आहे हे त्याला दिसतं.

बाकीचे थर मनाला येतील तसे, पण असमान जाडीचे ठेवा. ५ सेंमीचा कडा, २ सेंमीचा पदर, मग ८ सेंमीचा मोठा कडा, पुन्हा ३ सेंमीचा पदर. सगळे थर सारख्या जाडीचे झाले तर डोंगराचा जिना होतो. या उंचींची यादी करून ती शेल्फच्या मागच्या भिंतीवर चिकटवा. पुढचं सगळं काम तिच्याकडे पाहूनच होणार आहे.

भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिमी. ती १:८७मध्ये १९ मिमीच्या थोडी वर येते, तर बाजारातले एचओ रूळ १६.५ मिमीचे असतात. आपल्याकडे बहुतेक जण हा फरक चालवून घेतात. डोंगर मात्र गाडीच्या प्रमाणातच करायचा.

चौकट: दरीला खाली जागा ठेवा

सपाट प्लायवर रूळ टाकले आणि त्यावर डोंगर ठेवला, की जमीन फक्त वर जाऊ शकते. घाटाचा निम्मा जीव रुळांच्या खाली असतो. म्हणून पूर्ण सपाट टेबलाऐवजी मोकळी चौकट करा आणि रुळांची पट्टी वेगवेगळ्या उंचीच्या आधारांवर उचलून धरा. समोरची फळी सरळ न ठेवता दरीच्या आकाराने कापून खाली उतरवा.

मुंबईच्या हवेत साधा प्लाय फुगतो आणि चढाच्या सांध्यांवर गाडी उडू लागते. मरीन प्लाय चांगला, पण जड. माझी पसंती ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपला आहे. स्लायडिंग खिडक्या करणारा कुठलाही फॅब्रिकेटर मापाचे तुकडे कापून रिव्हेट मारून देतो. चौकट हलकी होते, ओल धरत नाही आणि घर बदलताना लिफ्टमधून नेता येते. लिफ्टच्या दाराचं माप आधीच घ्या. ६ फुटांचा एकसंध डोंगर जिन्याच्या वळणावर अडतो, त्यापेक्षा ३-३ फुटांचे दोन भाग करून मध्ये नट-बोल्ट द्या. सांधा घळीच्या तळाशी किंवा कड्याच्या उभ्या भेगेत आला की तो दिसत नाही.

चौकट भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि मागून बुरशी चढते. तीन-चार बोटं मोकळी हवा ठेवा.

चौकट बसवल्यावर पाणसळ लावून ती दोन्ही दिशांना सपाट करून घ्या. तळच तिरका असेल तर सपाट थरांचा हिशेब कोलमडतो.

आधी रूळ, पण मनात आधी डोंगर

कामाच्या क्रमात रूळ आधी येतात. ते टाका, वायरिंग करा, सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात उंच इंजिन घेऊन दोन्ही दिशांना गाडी चालवा. डबा रुळांवरून घसरत असेल तर तो दोष डोंगर बांधायच्या आधीच काढायला हवा. त्यानंतर रुळांवर रुंद मास्किंग टेप चिकटवा.

विचारात मात्र डोंगर आधी येतो. तो कोट्यवधी वर्षं तिथे होता. रेल्वे १८६३ साली आली आणि तिने त्याला कापलं. म्हणून वर्तमानपत्राचे बोळे आणि मास्किंग टेप घेऊन आधी असा डोंगर रचा, जणू रेल्वे नाहीच. सोंड कुठून उतरते, घळ कुठे पडते, पाणी कुठून वाहतं? मग विचारा, इंजिनिअरने इथे काय केलं असतं? सोंड आडवी आली तर कटिंग किंवा बोगदा. घळ आली तर पूल. उभा कडा आला तर एका अंगाने कातळ फोडून रुळांपुरती जागा आणि दुसऱ्या अंगाला दगडी आधारभिंत. बोगद्याला कारण लागतं. ज्या टेकाडाला सहज वळसा घालता आला असता, त्यातून बोगदा काढला की तो खोटा वाटतो.

बोगद्याच्या तोंडाची उंची रुळाच्या माथ्यापासून किमान ८० मिमी ठेवा, पँटोग्राफ, म्हणजे छतावरचा विजेच्या तारेला टेकणारा सांगाडा, वर असलेलं इंजिन जायला हवं. रुंदी मोजपट्टीने ठरवू नका. जुन्या धाटणीचा आयसीएफ डबा साडेएकवीस मीटरच्या आत, म्हणजे एचओत साडेचोवीस सेंमी. नव्या धाटणीचा एलएचबी डबा त्याहून लांब, साधारण २७ सेंमी. वळणावर अशा डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर फेकली जातात. डब्याच्या मध्यावर आणि कोपऱ्यावर पेन्सिल उभी, टोक खाली करून चिकटवून तो हाताने वळणातून फिरवा. रुळांशेजारी सपाट ठेवलेल्या पुठ्ठ्यावर जी रेघ उमटेल, तिच्या बाहेर ५ मिमी सोडून कातळ सुरू करा.

आणि प्रत्येक बोगद्याला मागून हात घालायची वाट हवीच. मागची बाजू उघडी ठेवा किंवा डोंगराचा एक तुकडा उचलून काढता येईल असा करा. डबा आतच घसरतो, हे गृहीत धरून चाला.

डोंगर रचणं

इथे दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही वापरतो, वेगवेगळ्या ठिकाणी.

कड्यांसाठी फोमचे थर. खडकच थरांचा आहे, त्यामुळे थर रचून केलेला कडा खरा दिसतो. पांढरा थर्माकोल कापताना दाणे सुटतात आणि कोरीव काम नीट होत नाही. २०१८च्या राज्यातल्या बंदीपासून सजावटीचा थर्माकोल विकत घेण्याचा प्रश्नही उरत नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला मिळाला तर तो आतल्या भरावाला वापरा. दर्शनी भागाला एक्सपीएस बोर्ड, म्हणजे थर्माकोलहून दाट, दाणे न सुटणारा फोम घ्या. गच्चीच्या आणि एसीच्या इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे तो साधारण सव्वा मीटर × ६० सेंमीच्या पत्र्यांत, २५ आणि ५० मिमी जाडीत मिळतो. एका ६ फुटी घाटाला मोजके पत्रे पुरतात.

यादीतल्या उंचीप्रमाणे पत्रे कापा आणि एकावर एक ठेवत जा. मोठ्या कड्यासाठी दोन-तीन पत्रे एका रेषेत, पदरासाठी वरचा पत्रा ३ ते ६ सेंमी मागे. कड्याची रेघ सरळ कापू नका. ती सोंडेवर पुढे येते, घळीत आत जाते. वरच्या थराचा आकार खालच्या थराची ढोबळ नक्कल असावा, कारण पाण्याने दोन्ही थर एकाच जागी कापलेले असतात. घळ तळापासून माथ्यापर्यंत एका ओळीत यायला हवी. यात चूक झाली की डोंगर एकावर एक ठेवलेल्या पाटांसारखा दिसतो.

चिकटवायला पांढरा फेविकॉल चालतो, पण दोन पत्र्यांच्या मध्ये हवा पोचत नाही म्हणून मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो. पूर्ण पृष्ठभागावर न फासता कडेकडेने ठिपके द्या, बांबूच्या काड्या खुपसून पत्रे जागेवर धरा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. रबर सोल्युशन, स्प्रे पेंट आणि थिनर फोमपासून लांब ठेवा, ते फोम विरघळवतात. गरम तारेने कापणार असाल तर खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेला आणि मुलं दुसऱ्या खोलीत. तो धूर छातीत घ्यायचा नसतो. मी कटरच्या लांब पात्यानेच कापतो. वेळ लागतो, पण कापलेली कड जरा खडबडीत येते आणि तीच हवी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं साधन: एक लाकडी ठोकळा आणि त्याला आडवी बांधलेली पेन्सिल. पेन्सिलचं टोक ठोकळ्याच्या तळापासून बरोबर १४ सेंमीवर आणा. चौकटीच्या तळाच्या पातळीला, डोंगरासमोर, एक सरळ फळी ठेवा आणि ठोकळा तिच्यावरून सरकवत न्या. पेन्सिल डोंगराच्या प्रत्येक खाचेत, प्रत्येक सोंडेवर एकाच पातळीची रेघ ओढत जाईल. टोक खोल खाचेत पोचत नसेल तर पेन्सिल पुढे सरकवा, उंची बदलू नका. प्रत्येक थराला अशी रेघ ओढा. भिंतीवर पार्श्वभूमी रंगवणार असाल तर याच रेघा तिथेही न्या, म्हणजे मागचे डोंगरही याच घराण्यातले वाटतील.

पायथ्याच्या गोलसर उतारांना, दरडीच्या ढिगाऱ्याला आणि कर्जतच्या अंगाच्या मऊ जमिनीला दुसरी वाट. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दीड-दोन सेंमी रुंद पट्ट्या कापा, उभ्या-आडव्या विणून जाळी करा, सांध्यांवर हॉट ग्लू लावा. खाली वर्तमानपत्राचे बोळे भरले की जाळी दबत नाही. तिच्यावर प्लास्टर. दिवाळीत विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरून ज्यांनी किल्ला केला आहे, त्यांना हे काम नव्याने शिकवावं लागत नाही. गोणपाटाच्या जागी मेडिकलमधली १५ सेंमी रुंद प्लास्टर बँडेज मिळते, पण मोठ्या कामाला ती महाग पडते. लालबाग-परळच्या कारखान्यांतले मूर्तिकार पीओपीला बळकटी यावी म्हणून काथ्या वापरतात. तोच उपाय इथे करा. काथ्या पिंजून विरळ करा, पातळ पीओपीत बुडवा आणि जाळीवर पसरा. वाळल्यावर पातळ, हलकं आणि भक्कम कवच तयार होतं.

उताराचं माप लक्षात असू द्या. कड्यावरून सुटलेले दगड पायथ्याशी साठतात तेव्हा तो ढीग ३५ अंशांच्या आसपासच उभा राहतो, त्याहून चढ झाला की घसरतो. प्रत्येक उंच कड्याच्या तळाशी असा तिरपा ढीग द्या. कडा आणि सपाट जमीन यांच्यात काटकोन राहिला तर डोंगर टेबलावर ठेवलेला वाटतो.

कातळ कोरणं

फोमच्या कड्यांवर पीओपीचा २-३ मिमी थर चढवून तो कोरायचा, ही मला सगळ्यात भरवशाची रीत वाटते. हार्डवेअरच्या दुकानात फॉल्स सीलिंगसाठीचं पीओपी किलोवर मिळतं. ३ मिमी थराला चौरस मीटरमागे तीन-साडेतीन किलो वजन वाढतं, म्हणून जाड थर देऊ नका.

पाण्यात पीओपी घालायचं, पीओपीत पाणी ओतायचं नाही. भुरभुरवत टाका, पाण्यावर कोरडी बेटं दिसू लागली की थांबा, मिनिटभर भिजू द्या आणि मग हलकेच ढवळा. अंदाजे एक भाग पाण्याला दीड ते दोन भाग पावडर लागते. जोरात घोटलं, कोमट पाणी घेतलं किंवा डब्यात आधीचे कडक झालेले कण राहिले की ते भराभर आवळतं. सावकाश कोरायचं असेल तर पाण्यात व्हिनेगरचे थोडे थेंब टाका.

भिजवतानाच रंग घाला. लादीच्या कामाचा काळा आणि लाल ऑक्साइड हार्डवेअरमध्येच मिळतो. पाव किलो पीओपीला चमचाभर काळा आणि चिमूटभर लाल घातला की करडा-तपकिरी कातळ तयार होतो. पुढे कधी टवका उडाला तर आतून पांढरं दिसत नाही. १४ सेंमीच्या लाल पट्ट्यासाठी वेगळ्या वाटीत गेरू मिसळलेलं पीओपी करा आणि ते पेन्सिलच्या रेघेवर ४-५ मिमी उंचीच्या पट्टीत भरा.

लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते श्रीखंडाइतकं घट्ट होतं. हीच कोरायची वेळ. हॅकसॉचं जुनं पातं, दाढीचं बोथट ब्लेड आणि दातांचा जुना ब्रश एवढी हत्यारं पुरतात.

बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा हा काळा कातळ, कसा फुटतो ते आठवा. घट्ट कातळात भेगा उभ्या पडतात आणि ठोकळे सुटतात. म्हणून कड्याच्या पट्ट्यात पात्याने उभे, थोडे वाकडे, असमान अंतराचे छेद द्या. कुठे दोन छेद जवळ, कुठे चांगला अडीच-तीन सेंमीचा सलग कातळ. छेदाशेजारचा एखादा ठोकळा पात्याच्या टोकाने उचकटून काढा. मागे जो कोनाडा राहतो, त्यात सावली बसते आणि कडा जिवंत होतो. एकही उभी भेग लाल पट्टा ओलांडून सलग खाली जाऊ देऊ नका, कारण वरचा आणि खालचा कातळ हे वेगवेगळे प्रवाह आहेत. लाल पट्टा मऊ असतो, तो पावसाने आत खाल्लेला दाखवा, १-२ मिमी खोल. त्याच्या वरची कड त्यामुळे किंचित पुढे येते आणि खाली सावलीची एक आडवी रेघ पडते. सगळ्या कड्यावर तेवढी एक रेघ नीट आली तरी पाहणारा सह्याद्री ओळखतो.

काही थर सच्छिद्र असतात. तिथे ब्रशचे केस टोचून बारीक खळगे करा. पायथ्याशी कातळ कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि गोल धोंडे उरतात, तिथे कोरू नका, ओल्या बोटाने आकार गोल करा. रेल्वेने फोडलेल्या कटिंगचा पृष्ठभाग नैसर्गिक कड्यापेक्षा ताजा, कमी काळवंडलेला आणि जास्त सरळ ठेवा.

उरलेलं पीओपी मोरीत ओतू नका. ते पाइपात जाऊन दगड होतं आणि खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना त्रास. लवचीक प्लास्टिकच्या डब्यात कालवा, कडक झालं की डबा दाबा, कवच निघून येतं. हत्यारं बादलीत धुवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी तेवढं ओता. कोरडी पावडर हाताळताना मास्क लावा.

प्लास्टरचं काम ऑक्टोबर ते मे या काळात आटपा. जुलैच्या हवेत पीओपी आवळतं, पण आतला ओलावा आठवडेच्या आठवडे जात नाही, आणि अशा थरावर रंग किंवा माती चढवली की बुरशी धरते. पावसाळा फोम कापण्यात, पूल बांधण्यात घालवावा.

ऋतू ठरवा, मग रंग

रंगाच्या आधी दिवे लावा. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून एलईडी पट्टी आणताना तिचा रंग पाहून घ्या. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला हिरवा रंग पांढऱ्या दिव्याखाली वेगळाच दिसतो. ४००० ते ५००० केल्व्हिनची पट्टी घाटाला शोभते.

बहुतेकांना श्रावणातला घाट हवा असतो. मी भाद्रपद संपता संपताचा घाट सुचवेन. झाडी अजून हिरवी असते, पदरांवरचं गवत टोकांना पिवळं पडू लागतं, सोनकीचे पिवळे ताटवे असतात, धबधबे बारीक झालेले असतात, आणि मुख्य म्हणजे कातळ दिसतो. ऐन पावसाळ्यात सगळा डोंगर हिरव्याखाली जातो आणि एवढी कोरलेली मेहनत झाकली जाते.

कातळाला शुद्ध काळा रंग देऊ नका. पाण्याने खूप पातळ केलेले करडा, तपकिरी आणि पिवळसर माती असे तीन ॲक्रिलिक रंग घ्या. स्पंजने ठिकठिकाणी ठिपके द्या, ते एकमेकांत वाहू द्या. वाळल्यावर सगळ्यावर पातळ काळ्या शाईचा हात फिरवा, शाई भेगांत उतरते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट करडा घेऊन फक्त कडांवरून ओढा. पाणी झिरपतं तिथे, पदराच्या कडेपासून खाली, काळ्या उभ्या रेघा. बोगद्याचा आतला भाग पहिले १५-२० सेंमी कोरून काळपट रंगवा, पुढे नुसता काळा कागद पुरे.

माती आणि गवत

पदरांवर आणि उतारांवर खरी माती चांगली दिसते, पण तशीच टाकायची नाही. नर्सरीतून आणलेली लाल माती तव्यावर भाजा, किडे-अंडी मरतात. चहाच्या गाळणीने चाळा. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चांगला चुंबक तिच्यातून पुन्हा पुन्हा फिरवा. आपल्या बेसॉल्टच्या मातीत लोहखनिजाचे कण असतात. ते चुंबकाला मुंगळ्यांसारखे चिकटून बाहेर येतात, आणि राहिले तर इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. ही पायरी कुणीही टाळू नये. गाडी बिघडण्याचं कारण शोधत बसण्यापेक्षा पंधरा मिनिटं चुंबक फिरवलेला बरा.

उतारावर पातळ फेविकॉल लावा, माती भुरभुरवा. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी फवारा, मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. या मिश्रणात लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब टाकले तर पावसाळ्यात बुरशी कमी धरते. कणकेची खळ कुठेही वापरू नका, झुरळं आणि चांदीकिडे तिच्यासाठीच टपलेले असतात.

गवताला काथ्याचे बारीक तुकडे, झुडपांना जुन्या गादीचा फोम रंगवून मिक्सरमधून काढलेला, मोठ्या झाडांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. फोमसाठी वेगळा मिक्सर ठेवा, स्वयंपाकघरातला घेऊ नका. झाडी दाट घळीत आणि पदरावर, विरळ सोंडेवर, कड्यावर फक्त भेगांत एखादं झुडूप. वरच्या थरांवर झाडं लहान करत न्या, उंची वाढल्याचा भास होतो. माथा दाखवायलाच हवा असं नाही. डोंगर वरच्या पेल्मेटच्या आड जाऊ दिला की तो किती उंच आहे हे पाहणारा आपल्या मनाने ठरवतो.

धबधब्याला पारदर्शक सिलिकॉन सीलंट. प्लास्टिकच्या पत्र्यावर त्याच्या उभ्या धारा ओढा, काडीने विस्कटा, वाळल्यावर सोलून काढा आणि कड्याच्या वरच्या ओठाला चिकटवा. धार प्रत्येक पदरावर आपटून थोडी पसरायला हवी. डोहाला इपॉक्सी रेझिन वापरणार असाल तर पातळ थरांत ओता. जाड थर तापतो आणि खालचा फोम वितळवतो. दमट दिवशी त्यावर पांढुरकी साय येते, तेव्हा हेही काम हिवाळ्यातच करा.

घाट नको असेल तर

माथेरानची गाडी निवडणाऱ्यांना मुंबईची छोटी जागा फारशी आड येत नाही. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी लाइन २०ला १ अशा चढाने जाते, म्हणजे त्याच ६ फुटी शेल्फवर रूळ ९ सेंमी चढतात आणि थर ओलांडण्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट दिसतो. तिथे वरच्या टप्प्यात काळ्या कातळाऐवजी लाल जांभा येतो, तो भोकाभोकांचा आणि गोलसर करा.

खाडीकाठची सपाट लाइन करायची तर जमीन आणखी काळजीने करावी लागते. खारफुटी, मिठागरं, भराव, बाजूचा नाला, या सगळ्यांत उंचीचा फरक काही मिलिमीटरचा असतो. ५ मिमी फोमचे पत्रे घ्या, रूळ भरावावर एक पत्रा वर, मिठागरं एक पत्रा खाली, खाडीचं पाणी दोन पत्रे खाली.

शेवटची तपासणी

मास्किंग टेप काढा, रुळांचे माथे घासून पुसा, बोगद्यातून कापड ओढून आतले प्लास्टरचे कण बाहेर काढा. पेन्सिल लावलेला तो लांब डबा पुन्हा एकदा हाताने पूर्ण लाइनभर फिरवा, कारण माती आणि झाडी चढल्यावर जागा कमी झालेली असते. मग बँकरसह पूर्ण गाडी, आधी चढावर, नंतर उतारावर. दर आठवड्याला धूळ झटकायला रुंद मऊ ब्रश, आणि महिन्यातून एकदा व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधून कमी वेगाने. सुटलेलं झुडूप मोज्यात अडकतं, ते काढून पुन्हा जागेवर चिकटवता येतं. जूनच्या आधी बोगद्यामागची हात घालायची वाट उघडून आत हात फिरवा. ओल लागली तर पावसाळाभर ती उघडीच ठेवा.